मागची भिंत

नानांनी आजवर बांधलेलं एकही घर शिल्लक नव्हतं. यात पुराचा काही दोष नव्हता. पूर यायच्या कितीतरी आधीच ती सगळी नानांनी स्वतःच्या हाताने मोडली होती.

नाना म्हणजे हौशी नाटक मंडळीचे सेट उभारणारे. पोटासाठी त्यांनी जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारले आणि जिवासाठी रंगमंचावर घरं बांधली. श्रीमंतांचे दिवाणखाने, गरिबांच्या खोल्या, तुरुंग, दवाखाने, एकदा तर फलाटासकट अख्खं स्टेशन. दुपारी टेम्पोतून उतरवायचं, संध्याकाळपर्यंत उभं करायचं आणि पडदा पडून टाळ्या वाजल्या की मोडून पुन्हा टेम्पोत भरायचं. हॉलचा व्यवस्थापक दिवे मालवायला टपलेलाच असे, त्यामुळे बांधण्यापेक्षा मोडण्याचाच हात जास्त बसला होता. टाळ्या थांबायच्या आत नानांचा हात कमरेच्या पान्याकडे गेलेला असायचा. लोकांना वाटायचं, माणूस किती नम्र, टाळ्या घ्यायला पुढे येत नाही. नम्रपणा कसला, नाना तेव्हा मागच्या बाजूला दारांच्या बिजागऱ्यांतून पिना उपसत असायचे.

त्यांचं राहतं घरही याच थाटाचं. मांडणी, पलंग, कपड्यांचं कपाट, सगळं नटबोल्टवर उभं. नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मांडणीवर जरा जड डबा ठेवायला गेल्या की एखादा नट सुटून थेट कणकेत पडायचा. आमच्याकडे चोर आला तर त्याला काही फोडावं लागणार नाही, घर उलगडून घडी घालून नेता येईल, असं त्या आल्यागेल्याला सांगत. नाना यावर फक्त चष्मा पुसत. बायकोच्या बोलण्यावर चष्मा पुसणारे नवरे पुष्कळ असतात, पण नानांच्या चष्म्याच्या काचा त्या पुसण्याने खरोखर झिजल्या होत्या.

त्या वर्षी नदी गावात शिरली. खालची आळी तिने अशी पुसून काढली की कोणाचं घर कुठे होतं यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद होऊ लागले. नाटकाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या पाठीपर्यंत गाळ बसला. मंडळीचे सगळे सेट पाणी पिऊन फुगले आणि राजवाड्याचा खांब भाजी मंडईत सापडला. प्रयोग बंद. अशा वेळी बाहेरगावच्या एका संस्थेने खालच्या आळीत घरं बांधून द्यायचं ठरवलं. चौथरे गवंडी घालणार, लोखंडी खांब आणि भिंतींचे तयार पत्रे संस्था आणणार. पत्रे म्हणजे सिमेंटचे, चांगले जाड. ते चौकटीत बसवून बोल्टने आवळायला मात्र माणसं हवी होती. संस्थेची इंजिनिअर, एक तरतरीत बाई, शाळेच्या पटांगणात लोकांना हे समजावून सांगत होत्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत नानांचा हात वर गेला. पाठोपाठ मेहुण्यांचा गेला. मेहुणे म्हणजे नानींचे धाकटे भाऊ, सेट उभारताना शिडी धरणारे. मग मंडळीच्या लाइटवाल्याचा गेला. हे दोन हात स्वखुशीने वर गेले असं म्हणता येणार नाही. नानांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, एवढंच.

घरी आल्यावर नानींनी विचारलं, हे काय नवीन खूळ. पंख्याचा खटका दुरुस्त करा म्हणून मी कधीची मागे लागले आहे आणि तुम्ही गावाची घरं बांधायला निघालात. नानांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "जाण्याआधी एक तरी घर असं करायचंय, जे मला मोडावं लागणार नाही."

नानींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. असं क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिलं घर इस्त्रीवाल्या मावशींचं निघालं. मावशी एकट्या. पुराच्या वेळी हातात इस्त्री घेऊन त्या ज्या पळाल्या, त्या थेट वरच्या आळीत भावाच्या दारात. भाऊ चांगला होता. भावजयही वाईट नव्हती, पण मावशींपुढे चहाचा कप ठेवताना ती तो जरा जास्तच आवाज करून ठेवायची, आणि तो आवाज दिवसेंदिवस वाढत चालला होता. मावशींना कान होते. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायला त्यांना भावाच्या व्हरांड्याचा कोपरा मिळाला होता, आणि तोसुद्धा भाचीच्या सायकलीला नको असेल तेव्हा. त्यांना घर हवं होतं. आजच्या आज हवं होतं.

आणि घर बांधायला कोण आलंय, तर नाटकवाले. मावशींनी कपाळाला हात लावला.

"मी बघितलंय तुमचं नाटक," पहिल्याच सकाळी त्या नानांना म्हणाल्या. "सूनबाईनं रागानं दार आपटलं, तर भिंतीवरचा सासऱ्याचा फोटो, भिंत आणि भिंतीला टेकलेला सासरा, तिघंही हलली."

ती भिंत कापडाची होती, हे नानांनी त्यांना परोपरीने समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं, पण समोर उभा केलेला पत्रा बोटाच्या पेराने वाजवूनही पाहिला. पुढे त्यांचा तो नेमच झाला. सकाळी कपडे पोचवायला निघाल्या की वाटेत थांबायचं, गवंड्यांची एक बादली पालथी घालायची, रस्त्याच्या कडेला तिच्यावर बसायचं आणि चाललेलं काम टक लावून बघायचं.

घोडं इथेच पेंड खाऊ लागलं. समोर कोणी बसून बघतंय म्हटल्यावर नाना खुलले. जन्मभराची सवय, ती अशी एका पुराने थोडीच जाणार. त्यांनी घराचं तोंड मावशींच्या बादलीकडे केलं आणि सगळा जीव त्या बाजूला ओतला. दार मधोमध. दाराच्या दोन्ही अंगांना खिडक्या. दाराच्या बिजागऱ्या तर त्यांनी घरच्या पेटीतून आणल्या, जपून ठेवलेल्या, पितळेच्या, पिना असलेल्या. दोन्ही बाजूंच्या भिंती जराशा फाकवल्या असत्या तर आतलं सगळं नीट दिसलं असतं, असंही त्यांचं म्हणणं होतं; पण चौथरा चौकोनी होता आणि तो त्यांचं ऐकेना. मेहुण्यांनी नेहमीप्रमाणे प्रत्येक पत्र्याच्या आतल्या अंगावर रंगाने खुणा केल्या, डावी पहिली, डावी दुसरी, म्हणजे पुढच्या गावी लावताना गोंधळ नको. पुढचं गाव कुठलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांच्याही डोक्यात आलं नाही. लाइटवाल्याने दिवा असा लावला की दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर छान उजेड पडेल आणि आत चूल मांडायच्या जागी मिट्ट काळोख.

लांबून घर इतकं देखणं दिसत होतं की येणारेजाणारे थांबून बघत. नानांना आभाळ ठेंगणं झालं.

इंजिनिअर बाई तपासायला आल्या. त्यांनी समोरून पाहिलं, मान डोलावली, आणि मग माणूस घर बघताना जे करतो तेच केलं: वळसा घालून मागे गेल्या. तिथे त्या थबकल्या. मागे उभं राहिलं की घराच्या आरपार रस्ता दिसत होता, आणि रस्त्याच्या कडेला बादलीवर बसलेल्या मावशीही.

मागची भिंत कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. हळू आवाजात विचारलं, कारण आपलंच काही चुकतंय की काय अशी त्यांना शंका आली असावी.

नाना मागे आले आणि बघू लागले. खोटं कशाला बोला, त्या बाजूने त्यांनी घराकडे आत्ताच पहिल्यांदा पाहिलं. मागच्या भिंतीसाठी आलेले पत्रे मेहुण्यांनी सामान ठेवायला छान मांडून घेतले होते, त्यावर लाइटवाल्याची वायरीची गुंडाळी आणि तिघांचे चहाचे कप होते. मेहुणे निष्ठावंत माणूस. नानांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले. "मागची बाजू दिसते कोणाला?"

मावशी बादलीवरून उठल्या नव्हत्या. घराच्या आरपार सगळं ऐकू जात होतं.

"नदीला," त्या म्हणाल्या.

त्यावर कोणी हसलं नाही. नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती, आता शहाण्यासारखी आपल्या जागी वाहत होती, आणि ती याच बाजूने आली होती. नानांचे कान तापले. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या कामाची लाज अशी कधी वाटली नव्हती. सेट कोसळला होता तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान आत कोणी राहत नव्हतं.

इंजिनिअर बाईंनी मग बाकीचंही पाहिलं. नट बघून तर त्या अवाक झाल्या. संस्थेने दिलेले नट पेटीत तसेच होते आणि नानांनी आपले नेहमीचे लावले होते, दोन कान असलेले, पान्याशिवाय नुसत्या हाताने फिरणारे. हे घर कोणीही चहा पिता पिता सोडवू शकेल, असं त्या म्हणाल्या. तेच तर कौशल्य आहे, असं मेहुणे म्हणणार होते, पण नानांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

दुसऱ्या दिवसापासून नाना पुन्हा कामाला लागले. मागची भिंत त्यांनी पुढच्यापेक्षा जास्त निगुतीने उभी केली. नट बदलले. दिवा आत, चुलीवर आला. काम संपत आलंय असं वाटलं तेव्हा मावशी आत शिरून मागच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथे खिडकी हवी. खिडकी नकाशात नव्हती. नानांनी ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, आधीच्या घरालाही मागे खिडकी नव्हती, म्हणूनच पाणी आलेलं कळलं ते पायाला लागल्यावर. आता निजायच्या आधी एकदा नदीकडे बघून घेतल्याशिवाय मला झोप यायची नाही. नानांनी इंजिनिअर बाईंच्या हात धुवून मागे लागून परवानगी आणली. संबंध दिवस करवत चालवली आणि खिडकी केली. तिला आतून दणकट कडी लावली. मावशींनी ती उघडून बंद करून पाहिली आणि हूं म्हणाल्या. मावशींचं हूं म्हणजे फारच झालं.

एकच गोष्ट राहिली. बोल्ट आवळून झाले की पुढे आलेल्या टोकांचे आटे हातोडीने चेचून टाकायचे, म्हणजे नट पुन्हा कधी निघत नाही, असा संस्थेचा नियम होता. नानांनी हातोडी उचलली, पहिल्या बोल्टवर धरली आणि खाली ठेवली. चांगला बोल्ट खराब करायचा म्हणजे काय? त्यांच्या पेटीतले काही बोल्ट तर लग्नाआधीपासूनचे होते. प्रयोग संपल्यावर रंगमंचावर रांगत जाऊन त्यांनी ते गोळा केले होते, एकेक. उद्या करू, असं ते मेहुण्यांना म्हणाले. उद्या विचारल्यावर परवा म्हणाले. मग ताबा द्यायचा दिवस उजाडला.

सकाळीच सगळे जमले. दाराला फीत बांधली होती. संस्थेचे पाहुणे आले होते आणि त्यांना भाषणाची आवड होती. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, इस्त्रीचं टेबल आधीच आत नेऊन, दारात उभ्या होत्या. भाऊ-भावजयही आले होते, आणि भावजय आज सगळ्यांत जास्त हसत होती. नानी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पाहुण्यांनी पूर, धैर्य, माणुसकी, पुन्हा पूर असं सगळं घेतलं, नाटक मंडळीचे आभार मानले आणि फीत कापली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता पुढे जे झालं त्याला बुद्धी लागत नाही. ते हातांनी केलं. टाळ्या वाजल्या आणि लोक चहाच्या टेबलाकडे वळले. लाइटवाल्याने खांबावरून वायर सोडवली आणि कोपरावर गुंडाळायला सुरुवात केली. मेहुणे कंबर वाकवून मागच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांच्या पान्याचा किरकिर आवाज येऊ लागला. नानांनी बिजागऱ्यांच्या पिना उपसून खिशात टाकल्या, दार सफाईने चौकटीतून उचललं, खांद्यावर घेतलं आणि ते टेम्पोच्या दिशेने चालू लागले. टेम्पो तिथे नव्हता. तरी ते चालत होते. चहाचा कप तोंडाला लावलेले पाहुणे तसेच राहिले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल.

मावशी उघड्या चौकटीत आल्या. त्यांनी आधी मागे, किरकिर येत होती तिकडे पाहिलं. मग खांद्यावर आपलं दार घेऊन चाललेल्या नानांकडे पाहिलं.

"नाना," त्या म्हणाल्या, "मी परत भावजयीकडे जाऊ का?"

त्या रागावल्या नव्हत्या. थट्टा तर अजिबातच करत नव्हत्या. त्यांनी खरोखरच विचारलं होतं, जाऊ का म्हणून, आणि जायची तयारी असल्यासारखा त्यांचा एक हात लुगड्याचा घोळ आवरत होता. घर एकदा गेलं की माणसाला ते पुन्हा जाऊ शकतं हे पटायला वेळ लागत नाही.

नाना थांबले. खांद्यावर काय आहे हे त्यांना तेव्हा कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं, पण नुकतंच इतकं काही पोटात घेतलेल्या धरणीकडे तरी किती मागायचं. हे एक घर मोडायचं नव्हतं. सगळ्या जन्मात हे एकच मोडायचं नव्हतं, आणि ते त्यांनी सगळ्यांत वेगाने मोडायला घेतलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. दार खांद्यावर असल्यामुळे पुसताही येईनात.

पुढच्या रांगेतून नानी उठल्या. इतका वेळ त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण मावशींचं बोलणं ऐकून त्यांचं हसू गेलं होतं. गवंड्यांच्या सामानातून त्यांनी हातोडी शोधून काढली आणि नवऱ्यापुढे धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा मोडता येणार नाही असं करून ठेवा."

नानांनी दार बसवलं. पिना घातल्या आणि त्यांची टोकं ठोकून सपाट केली, पितळेच्या बिजागऱ्यांवर चरे पडले तरी थांबले नाहीत. मेहुण्यांनी सोडवलेले नट मेहुण्यांकडूनच आवळून घेतले. मग ते एकेका बोल्टवर हातोडी घालत घरभर फिरले. प्रत्येक घावाला मेहुणे डोळे मिटत होते. नानाही सुरुवातीला मिटत होते. पुढे पुढे मात्र त्यांचा हात असा मोकळा झाला की इंजिनिअर बाईंना, पुरे, पत्रा फुटेल, असं सांगावं लागलं. पाहुण्यांचा चहा निवून गेला. लाइटवाल्याने कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने वायर पुन्हा खांबाला बांधली, पण ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

ठोकणं संपल्यावर मावशी बाहेर आल्या आणि त्यांनी दार जोरात आपटलं. घर हललं नाही. त्यांनी उघडून पुन्हा आपटलं. शेजारच्या चौथऱ्यावरचे कावळे उडाले, घर मात्र जागच्या जागी होतं. मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, या बरं का पुन्हा, असं भावजयीला मोठ्या मानाने म्हणाल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

माणसं पांगली. नानी आणि मेहुणे चालू लागले. नाना मात्र घराला वळसा घालून मागे गेले. का गेले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. नाटकात दारातून आत गेलेलं माणूस मागच्या बाजूने बाहेर येतं, घाम पुसतं, पाणी मागतं आणि कसं झालं म्हणून विचारतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पाण्याचा तांब्या घेऊन तेच तर तिथे उभे असायचे. आता समोर पांढरी भिंत होती. ते तिच्यापुढे उभे राहिले. आतून टेबल सरकवल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. कोणी बाहेर आलं नाही.

बऱ्याच वेळाने खिडकी उघडली. मावशींना नदी बघायची होती, तर मध्ये नाना.

"काय हो नाना, कोणाची वाट बघताय?"

"तुमची," नाना बोलून गेले. "बाहेर याल म्हणून."

"मी कशाला बाहेर येऊ?" मावशी म्हणाल्या. "मी राहते इथे."

नाना बाजूला झाले. मावशींनी नदीकडे नीट बघून घेतलं, खिडकी ओढली आणि आतून कडी घातली.